रबर वाढत नाही

४ जून

बाबा, नमस्कार.

पाठ कशी आहे ते आधी लिहा, आणि खरं लिहा. दुकानातल्या हवेच्या मशिनने तुमचे कान खाल्ले तेव्हापासून फोनची काही सोयच राहिली नाही. मी "बरी आहे" म्हटलं की तुम्ही "कोण मेलं?" म्हणून ओरडता आणि इकडे आमच्या मजल्यावरची सगळी दारं उघडतात. त्यापेक्षा पत्र बरं.

तर कामाचं. यांना पिकअपला नवे टायर घालायचेत. सासरा टायरवाला असताना बाहेर कशाला जायचं, असं मीच म्हटलं. पण यांना साधे नकोत, मड टायर हवेत. ते मोठमोठ्या दात्यांचे, चिखलात घालायचे. मी म्हटलं, पाण्याचे जार पोहोचवायला चिखलातले टायर कशाला? दवाखाना, बँक, दोन शाळा, कोर्टाची कँटीन, यातलं एक तरी गिऱ्हाईक चिखलात आहे का? तर म्हणाले, "दिसायला बरे दिसतात." ज्या माणसाने स्वतःच्या लग्नात चपला पुसल्या नाहीत त्याला आता गाडीचं रूप सुचतंय. मी हसले आणि सोडून दिलं. तुमच्याकडे असतील तर पाठवा, पार्सलच्या गाडीत टाकले तरी चालतील.

दादाचं काही कळलं का? रागावू नका, नुसतं विचारते आहे. चार वर्षं झाली.

तुमची
भिंगरी


९ जून

भिंगरी,

पाठ आहे जागेवर. तुझा शेवटचा प्रश्न पोस्टात गळून पडला, मला मिळाला नाही.

आता टायरचं ऐक. साधा टायर रस्त्यासाठी. ऑल-टेरेन म्हणजे अर्धा रस्ता, अर्धी माती, खडी, कच्चं. त्याची नक्षी जवळजवळ असते, डांबरावरही नीट धरतो. मड टायरच्या दात्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी. चिखल त्यात भरतो आणि चाक फिरलं की बाहेर फेकला जातो, म्हणून गाडी रुतत नाही. पण तोच टायर डांबरावर भुणभुणतो, लवकर झिजतो आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की जरा विचार करून थांबतो. कोर्टाच्या कँटीनला जाणाऱ्या माणसाने तो घालणं म्हणजे बँकेत गमबूट घालून जाणं. "दिसायला बरे" म्हणणारी पोरं येतात माझ्याकडे, मिशा फुटलेल्या नसतात. जावईबापूंचे केस पांढरे झालेत.

टायर विकताना एक गोष्ट कळली. गिऱ्हाईक पैशाबद्दल खरं बोलेल, गाडीबद्दल खरं बोलेल, पण रस्त्याबद्दल खोटं बोलेल. माल किती भरतो, कुठून नेतो, कुठल्या वाटेने परत येतो, इथे हमखास थाप. म्हणून मी तोंडाकडे बघत नाही, जुन्या टायरकडे बघतो.

तू असं कर. चार काड्यापेटीच्या काड्या घे. गूल काढून टाक, नाहीतर पोस्ट पेटवशील. प्रत्येक टायरच्या सगळ्यात खोल खाचेत एक काडी उभी धर आणि रबराच्या वरच्या पातळीला मोडून टाक. पुढच्या दोन्हींना लाल दोरा बांध, मागच्या दोन्हींना पांढरा. मला पाठव. आणि खाचांमध्ये काय अडकलंय ते सुईने उकरून बघ. जावयाला सांगू नकोस. उगाच माणसाला वाटतं आपल्यावर संशय घेतात.

बाबा


१४ जून

बाबा,

उगाच वाटतं? तुम्ही पोस्टमनवरसुद्धा संशय घेता. तो पाकीट उजेडात धरून बघतो असं तुम्हीच मला सांगितलं होतं.

काड्या सोबत आहेत. चारही आखूड निघाल्या, नखाएवढ्या. म्हणजे टायर खरंच संपलेत, एवढं तरी खरं बोलले हे. खाचेत अडकलेली खडी सुईने काढली, ती साधीच. पण मागच्या चाकांमध्ये काळपट राखाडी, चिकट माती होती. साबण लावल्यासारखी बोटाला बसते आणि वास येतो, तुंबलेल्या पाण्यासारखा. त्यात बारीक शंख होते, तांदळाच्या दाण्याएवढे. एक दोन पाकिटात टाकलेत, फुटले नसतील तर बघा.

मी काही विचारलं नाही. फक्त म्हटलं, "आज गाडी फार स्वच्छ दिसते." तर म्हणाले, "धुतली." बाबा, हे रोज गाडी धुतात आता. आमच्या लग्नापासून त्या गाडीने फक्त पावसाचं पाणी पाहिलं होतं. यायलाही उशीर होतो. विचारलं तर एक जार वाढला म्हणतात. एका जाराला दोन तास?

तुम्ही मला हे शंख उकरायला लावलंत म्हणून हे सुचतंय, नाहीतर मी मजेत होते. यांना खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. मला तेच आवडलं होतं. परवा बोलताना कान बघायला गेले तर टोपी होती.

भिंगरी


२० जून

भिंगरी,

शंख अख्खे पोहोचले. पोस्टमनची मेहेरबानी.

हे गोड्या, थांबलेल्या पाण्यातले आहेत. तळं, डबकं, कालव्याचा बांध, असलं काहीतरी. तुझ्या त्या शाळांना आणि दवाखान्याला तळी आहेत का? नसावीत. म्हणजे जावईबापू पाण्याच्या काठाने, चिकणमातीतून, भरलेली गाडी घेऊन जातात. रिकाम्या गाडीच्या खाचेत माती इतकी घट्ट बसत नाही. आणि तिथे वरचेवर जायचंय म्हणून मड टायर हवेत. काय भरून नेतो आणि कुणासाठी, ते मला टायर सांगत नाही.

कुणी नदीतून वाळू उपसतं, कुणी चोरीची लाकडं काढतं. मी नाव घेत नाही. मी तुझ्या घरात डोकावत नाही, फक्त चाकात बघतो आहे. पण या बाबतीत पाणी मुरतंय हे नक्की.

मड टायर मी पाठवणार नाही. ज्या रस्त्याचं नाव सांगता येत नाही त्या रस्त्याला माझ्या दुकानाचा टायर लागणार नाही. त्याला म्हणावं, मला स्वतः लिही, रस्ता सांग, माल सांग. खरं सांगितलंस तर ऑल-टेरेन देतो, नाहीतर डांबराचे देतो.

गाडीचा किलोमीटरचा आकडा रोज टिपून ठेव. जेवण नीट करत जा.

बाबा


११ जुलै

बाबा,

एवढे दिवस लिहिलं नाही कारण काय लिहावं कळत नव्हतं. तुमचा निरोप यांना दिला. हे जेवत होते. घास तसाच हातात राहिला. म्हणाले, "राहू दे मग. बाबांना म्हणावं, नकोत टायर. मी बघतो काहीतरी." मी म्हटलं, "रस्ता सांगायला काय जातं?" तर म्हणाले, "काही गोष्टी माझ्या नसतात सांगायच्या." माझ्या नसतात! मग कुणाच्या असतात? मी कोण आहे मग या घरात? तेव्हापासून आम्ही एकमेकांशी मीठ दे, दार लाव, एवढंच बोलतो.

आकडा टिपायचा सोडून दिला. रोज जास्तच निघतो, मग टिपून काय करू?

आणखी दोन गोष्टी लिहायच्या आहेत. एक लिहायला लाज वाटते. गाडीच्या सीटखाली फडकं शोधत होते तर एक रबरी चप्पल मिळाली. एकच. बाईची, माझ्यापेक्षा लहान पायाची, पट्ट्याला तीच राखाडी माती. मी ती होती तिथेच ठेवली. दुसऱ्या दिवशी ती नव्हती. बाबा, मला वाळू चालली असती. लाकडंही चालली असती. त्या दिवशी मी भांडी घासताना रडले, आणि नळ मोठा सोडला म्हणजे ऐकू जाऊ नये.

दुसरी गोष्ट तुमच्या कामाची. परवा म्हटलं, टायर खरंच किती उरलेत ते पुन्हा बघू, कारण पावसाने रस्ते निसरडे झालेत. पुन्हा काड्या घातल्या. सोबत आहेत. लाल दोऱ्याच्या तेवढ्याच आहेत. पांढऱ्या दोऱ्याच्या बघा. मला वाटलं मी चुकले म्हणून तीनदा मोजल्या. लांब आहेत, बाबा. जवळजवळ दुप्पट. हे असं होतं का?

भिंगरी


१६ जुलै

भिंगरी,

नाही होत. रबर झिजतं. रबर वाढत नाही. या धंद्यात उभं आयुष्य गेलं, एकही टायर बाळसं धरलेला पाहिला नाही.

तेव्हा एकतर मागचे दोन टायर बदललेत, दुसऱ्या कुठल्या गाडीचे जुने लावलेत, किंवा तू कुठे चुकलीस. तू चुकत नाहीस, लहानपणापासून दुकानात वाढलीस. टायरच्या बाजूला नंबर उठवलेला असतो. मागच्या दोन्ही टायरचे नंबर उतरवून पाठव. मागच्या खेपेला हे टायर मीच घातले होते, माझ्याकडे नंबर आहेत.

दुसरं, नक्षीचा ठसा हवा. पातळ कागद टायरवर ताणून धर आणि पेन्सिल आडवी धरून घास. लहानपणी नाण्यांवर करायचीस तसं. पूर्ण रुंदीचा ठसा घे, खाचांची टोकं कागदावर यायला हवीत.

चपलेचं वाचलं. त्यावर मी काही लिहीत नाही. लिहायला गेलो तर जे लिहीन ते तुला आयुष्यभर आठवेल. आधी ठसा पाठव.

बाबा


२१ जुलै

बाबा,

ठसे सोबत. नंबर मागच्या पानावर आहेत. तुमच्याकडच्या नंबरांशी जुळतात का कळवा. मला तर जुनेच टायर वाटतात, बाजूला तो पांढरा रंग सांडलेला डाग आहे ना, तोही तिथेच आहे.

ठसे काढताना हे आले. मी कागद धरून, गुडघ्यावर बसलेली, हाताला काजळी. म्हणाले, "काय चाललंय?" मी म्हटलं, "बाबांना पाठवायचंय." यांनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले नाहीत. म्हणाले, "नको पाठवूस. एवढं माझं ऐक." मी विचारलं का, तर आत निघून गेले. कान लाल होते, टोपी नव्हती.

म्हणजे या कागदात काहीतरी आहे. मी पाठवते आहे. जे असेल ते लिहा, माझी तयारी आहे.

भिंगरी


२५ जुलै

भिंगरी,

ठसे पाहिले. नंबर जुळतात.

त्या गाडीत बसू नकोस. कुठेही, कितीही जवळ जायचं असलं तरी. कारण विचारू नकोस. जावयाला काही बोलू नकोस. मी बघतो काय करायचं ते.

बाबा


३ ऑगस्ट

बाबा,

डावा हात गळ्यात बांधलाय, उजव्याने लिहिते आहे. मी ठीक आहे. यांचा पाय मोडला, गुडघ्याखाली दोन ठिकाणी. प्लॅस्टर घातलंय. समोरच्या खाटेवर झोपलेत आणि झोपेत कण्हतात. हे आधी लिहिलं कारण तुम्ही पहिल्या ओळीतच मेलं कोण ते शोधाल.

आता सगळं सांगते, आणि तुम्ही मधे बोलू नका.

तुमचं पत्र आलं, "त्या गाडीत बसू नकोस." मी ते कितीतरी वेळा वाचलं. कारण विचारू नकोस म्हणालात, मग मी मलाच विचारलं. ठशात बाबांना काय दिसलं असेल? मला वाटलं, तुम्हाला कळलंय की त्या गाडीत माझ्या जागी कोण बसतं. तुम्हाला ते लिहवत नाही म्हणून एवढंच लिहिलंत. चपलेवरही तुम्ही असंच गप्प बसला होतात. मग मी ठरवलं, बसायचंच. आज गाडी जिथे जाईल तिथे जायचं आणि डोळ्यांनी बघायचं.

सकाळी मी आधीच जाऊन पुढच्या सीटवर बसले. हे म्हणाले, "उतर." मी म्हटलं, "दुसरी बसते ती चालते, मी बसलेली चालत नाही?" हे माझ्याकडे बघतच राहिले. मग इतके हसले, बाबा, की डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "चल मग. बस झालं हे. चल."

जार पोहोचवून झाल्यावर आम्ही गावाबाहेर गेलो, कारखान्याच्या मागून, कालव्याच्या कडेने. पुढे बांध लागला, दोन्हीकडे तळी, मधे गाडीपुरती चिकणमातीची वाट. टोकाला पत्र्याची खोली. दारात एक ठेंगणी बाई मासळीच्या पाट्या धूत होती, पायात त्याच रबरी चपला, या वेळी दोन्ही. तिने मला पाहिलं आणि हात पुसत पुढे आली. म्हणाली, "वन्सं ना तुम्ही?" आणि तिच्या मागून गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेला दादा आला.

आपला दादा, बाबा. वाळला आहे, कपाळ मागे गेलंय. त्याने तळी कराराने घेतलीत, मासे पाळतो. दोन-तीन महिन्यांपासून हे त्याची मासळी बाजारात पोहोचवतात. त्यानेच यांना शपथ घातली होती की भिंगरीला सांगू नकोस, ती बाबांना सगळं लिहिते. पहिल्या तळ्याची मासळी पूर्ण निघाली की स्वतः जाऊन सांगेन म्हणत होता. मी यांना किती काय काय म्हणाले होते मनातल्या मनात! आणि हे रोज गाडी धूत होते, मला मासळीचा वास येऊ नये म्हणून.

परतताना गाडी भरलेली होती. बांध पार झाला, डांबरी रस्त्याला लागलो, यांनी वेग घेतला आणि मागचा टायर फुटला. उजवीकडचा. गाडी आडवी फिरली, कठड्याला धडकली, यांच्या बाजूने. पुढचं मला नीट आठवत नाही. रस्ताभर मासे पडले होते एवढं आठवतं.

दादा धावत आला. आम्हाला दवाखान्यात पोहोचवून तो गाडीपाशी परत गेला, फुटलेला टायर त्याने पाहिला आणि संध्याकाळी इथे येऊन माझ्या खाटेशी जमिनीवर बसला. म्हणाला, "मीच कापला होता." तुम्ही मड टायर दिले नाहीत, पावसाने गाडी बांधावर रोज रुतायला लागली, तेव्हा त्याने पातं तापवून झिजलेल्या टायरच्या खाचा खोल कापल्या. बांधापुरत्या. हे नको म्हणत होते. दादा म्हणाला, महिनाभर चालतील. मग त्याने सांगितलं की तुम्ही त्याला दुकानातून काढलंत तेही याच कामासाठी. झिजलेले टायर कापून चांगले म्हणून विकले होते त्याने. चार वर्षं मी विचारते आहे आणि मला हे आत्ता कळतंय.

मी त्याला तुमचा ठशाबद्दलचा निरोप सांगितला. त्याने बोटाने जमिनीवर एक रेघ ओढली. मग म्हणाला, "बाबांनी ओळखला असणार. माझं पातं शेवटी डावीकडे वळतं. ते शिव्या द्यायचे त्यावरून."

ओळखला होतात ना?

तुम्हाला माहीत होतं की आतल्या तारांवर जेमतेम रबर उरलंय. तुम्हाला माहीत होतं की टायर फुटणार. "टायर कापलेला आहे, फुटेल," एवढं लिहायचं होतं. मी यांना दारातच अडवलं असतं. पण टायर कापलेला आहे लिहिलं असतं तर कुणी कापला ते लिहावं लागलं असतं, आणि ते नाव तुमच्याच्याने लिहवलं नाही. माझा नवरा मेला असता, बाबा. मीही मेले असते, आणि तुम्ही त्या पोस्टमनला दोष दिला असता.

दादा गाडी ओढून तळ्यावर घेऊन गेलाय. मासळी सडते आहे. यांचा पाय सुधारायला वेळ लागेल. मला तुमच्याकडून टायर नकोत. उत्तर हवंय, आणि ते मला नको, दादाला द्या.

भिंगरी


१२ ऑगस्ट

भिंगरी,

हे पत्र तळ्यावरून लिहितो आहे, मासळीच्या उलट्या पाटीवर कागद ठेवून. दमट आहे, शाई पसरली तर चालवून घे. बाजारात जाणाऱ्या एका टेंपोवाल्याकडे देतो आहे. तो मला फारसा बरा वाटत नाही, पण सध्या मी माणसं निवडायच्या लायकीचा नाही.

ओळखला होता. पहिल्या नजरेत. ठसा टेबलावर ठेवला आणि खाचेचं टोक डावीकडे वळलेलं दिसलं, तेव्हा मला आधी काय वाटलं ते सांगू? भीती नाही वाटली. जिवंत आहे, असं वाटलं. चार वर्षांत पहिल्यांदा मला कळलं की तो जिवंत आहे आणि जवळपास कुठेतरी आहे. मग राग आला, पुन्हा तेच करतोय म्हणून. मला वाटलं त्याने जावयाला टायर नवे करून देतो म्हणून फसवलं. मी तीन पत्रं लिहिली आणि फाडली. चौथ्यात त्याचं नाव आलं नाही, आणि तुझ्या जिवाचा धोकाही आला नाही. टायर फुटणार हे मला माहीत होतं, भिंगरी. ते मी लिहिलं नाही. याला सबब नाही. तुझ्या हाताकडे आणि जावयाच्या पायाकडे बघण्याची मला लाज वाटते, म्हणून आधी इकडे आलो.

दुकान बंद करून टेंपोत दोन्ही संच घातले, चार मड आणि चार ऑल-टेरेन. शिवाय एक रिम. बांध सुरू होतो तिथे टेंपोवाल्याने हात वर केले, म्हणून टायर तिथेच उतरवून चालत गेलो. खोलीच्या दारात एक मुलगी होती. तिने पाणी दिलं आणि विचारलं, "कोण पाहिजे?" सून ती हीच, हे तुझ्या पत्रावरून कळलं, पण मी कोण ते तिला सांगवेना. मी म्हटलं, "टायरवाला आहे." तिने आत हाक मारली, "अहो, टायरवाले आलेत." तो बाहेर आला आणि दारातच थांबला. मीही थांबलो. ती बिचारी एकदा त्याच्याकडे बघते, एकदा माझ्याकडे, आणि ग्लास परत घ्यावा की नको ते तिला कळेना.

काय बोलायचं ते मी टेंपोत पाठ करून आलो होतो. ते सगळं विसरलो आणि म्हणालो, "या रस्त्याला ऑल-टेरेन पुरेत."

तो म्हणाला, "नाही पुरणार."

"चिखल एवढासा, डांबर एवढं मोठं. मड टायर दोन पावसात संपतील."

"बाबा, तुम्ही हा बांध ओला पाहिला नाही."

"मी टायर विकतो, बांध मला शिकवू नकोस."

एवढं बोलणं झालं, आणि मग आम्ही भांडलो. पोटभर. सून भेदरून शेजारच्या तळ्यावर निघून गेली. टायरवरून सुरुवात झाली आणि तुझ्या आईपर्यंत गेली. त्याने मला सांगितलं की तेव्हा त्याने टायर का कापले होते, आणि मी सांगितलं की कारण काही असो, माणूस मेला असता. तो म्हणाला, "आत्ता मेलाच असता." आणि खाली बसला. मी त्याच्याकडे पाठ करून बांधाच्या तोंडाशी गेलो, ऑल-टेरेन एकेक ढकलत आणले आणि बसवायला घेतले, कारण मला दुसरं काही सुचलं नाही.

बसवले आणि स्वतः गाडी काढली, त्याला दाखवायला. पत्र्याच्या खोलीपासून दुसऱ्या तळ्यापर्यंतही गेलो नाही. मागची चाकं जागच्या जागी फिरली, नक्षीच्या फटी चिखलाने लिंपून गेल्या आणि टायर गुळगुळीत गोटा झाला. गाडी अॅक्सलपर्यंत बसली. मी रेस केली, आणखी बसली. मागून आवाज आला, "बाबा, रेस नका करू. हवा थोडी काढू का?" मला हवा काढायचं सुचलं नाही, मला! त्याने चाकाखाली फळ्या घातल्या, खांदा लावला, सूनही आली, आणि दोघांनी मला चिखलातून बाहेर काढलं. बाहेर पडताना चाकाने उडवलेला चिखल त्याच्या तोंडभर बसला. फक्त डोळे दिसत होते. मी हसलो. थांबताच येईना. तोही हसला, तुझ्या आईसारखा, आवाज न करता.

मड टायरच लागतात या बांधाला. मी चुकलो. जावईबापूंनी बरोबर मागितले होते, फक्त मला रस्ता सांगायचा राहिला, आणि सांगणार कसा, रस्त्याच्या टोकाला कोण राहतं त्याचं नाव माझ्यापुढे घ्यायची कुणाला सोय नव्हती. त्याला म्हणावं, तुझे कान लाल झाले ते तुझ्या अंगच्या चांगुलपणाने. माफी मी समोर येऊन, तोंडाने मागेन. डांबरावर हळू चालवायला सांग, पाऊस असेल तर आणखी हळू. आणि हे टायर इतके भुणभुणतात की नवरा कुठून येतोय ते तुला दोन गल्ल्या आधी कळेल. काड्या मोजायला नकोत.

माझी पाठ गेली होती, म्हणून मड टायर त्यानेच बसवले. मी पाटीवर बसून बघत होतो. भिंगरी, तुला माहीत आहे, दुसऱ्याने आवळलेला नट मी आयुष्यात कधी तसाच सोडला नाही. कारागीर कितीही जुना असो, तो गेला की मी पाना घेऊन चारही चाकं फिरतो. आजही पाना उचलला. तो कपडे धुवायला तळ्यावर गेला होता, बघायला कुणी नव्हतं. पहिल्या चाकापाशी वाकलो. मग पाना पेटीत ठेवून दिला.

उद्या सकाळी तो गाडी चालवेल आणि मी शेजारी बसेन. आम्ही तुझ्याकडे येतोय.

बाबा